तुयुक-तोरचा पहिला रुग्ण

सकाळी सव्वादहाला सोनुन एजेचा फोन आला. सोनुन एजे म्हणजे तिलेकची सख्खी थोरली बहीण. बाकी ऑफिसात, बाजारात, बसमध्ये ज्यांना नुसतं ताई म्हणावं तसं एजे म्हणतात, त्या निराळ्या. तिनं सांगितलं, की जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासलंच नाही, नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर काच लावलेल्या चौकटीत नकाशा होता. देशातले सगळे जिल्हे, कुठे लाल, कुठे गुलाबी, आणि तुयुक-तोर पांढरंशुभ्र, आताच धुऊन दोरीवर घातल्यासारखं. आपल्या जिल्ह्यात सारिप नाही, डॉक्टर म्हणाले, हा बघा, राजधानीतून, बिश्केकहून आलेला कागद आहे. मग एजेनं जवळ जाऊन पाहिलं, तर खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत तिलेकचं नाव. "तुझं नाव छापलंय रे," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात तक्रार नव्हती, कौतुक होतं. "मी नर्सला दाखवलं. म्हटलं, हा माझा भाऊ, माझ्या पाठीवर वाढलाय. ती म्हणाली, मग तर प्रश्नच मिटला." पलीकडून मेंढरांचा आवाज येत राहिला. फोन हातात धरून ती कशाला तरी टेकली असावी, कारण जीर्ण लाकूड करकरलं. "मग मला काय झालंय, तिलेक? का काहीच झालेलं नाही? तूच सांग. तूच मोजलंयस."

तिलेक म्हणाला, बघतो. हा शब्द त्याच्या तोंडून ऑफिसात दिवसातून चाळीसदा जायचा आणि त्यानंतर बहुधा कुणीच काही बघत नसे. फोन ठेवल्यावर तो खुर्चीत तसाच बसून राहिला. नूरूझच्या, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाच्या, आधीपासून तिला ताप येत होता हे त्याला ठाऊक होतं. आठ-दहा दिवस यायचा, मग पाहुणा कंटाळून जावा तसा निघून जायचा आणि काहीतरी विसरल्यासारखा परत यायचा. सकाळी अंथरूण ओलं. गुडघे, खुबे, कंबर. धार काढायला उकिडवं बसलं की उठताना गाईच्या शेपटीला धरावं लागतं, असं ती मागच्या महिन्यात हसत म्हणाली होती आणि तोही हसला होता, कारण गाईचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर आला होता. एजेचा चेहरा आला नव्हता. हे आता, या मिनिटाला, त्याच्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर त्याचं काय करायचं ते कळेना. सारिप म्हणजे मेंढ्यांकडून माणसाला येणारा ताप. त्याचे रोजच्या रोज आकडे भरणं हाच राजधानीतल्या आरोग्य खात्यात त्याचा गेल्या पाच वर्षांचा धंदा होता. लक्षणांची यादी त्याला पाठ होती. ती त्यानं मनात म्हणून पाहिली. एजे यादीत जशीच्या तशी बसत होती. मग त्यानं समोरच्या भिंतीकडे पाहिलं. इथेही तोच नकाशा होता, चौकटीशिवाय, आणि त्यात एजे कुठेच बसत नव्हती. दोन्ही गोष्टी त्यानंच केल्या होत्या. यादी पाठ त्यानंच केली होती. नकाशाही त्याचाच.

नकाशात पहिल्यांदा तुयुक-तोर करडं होतं. पांढरा म्हणजे आजार नाही, करडा म्हणजे माहिती नाही. असे अकरा जिल्हे करडे होते. पण बुरुल असानोव्ना, त्याच्या विभागप्रमुख, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, हा रंग बुरशी आल्यासारखा दिसतो. परदेशी पाहुणे यायचे होते. पाहुण्यांपुढे बुरशीची भाकरी कोणी ठेवतं का? तिलेकनं विचारलं, मग काय करू. त्या म्हणाल्या, ज्यांच्याकडून काही आलेलं नाही त्यांच्याकडे काही नाही, असंच ना? हे वाक्य त्यानं आतल्या आत उलटसुलट करून पाहिलं होतं. ते बरोबर वाटत होतं. दोन्ही बाजूंनी बरोबर वाटत होतं. म्हणून त्यानं अकरा जिल्ह्यांवर एकेकदा बोट दाबलं आणि अकरा जिल्हे बरे झाले. एवढ्या वेगानं कुठल्याच देशात कोणी बरं झालं नसेल. पाहुणे आले, नकाशापुढे उभे राहिले, आणि त्यांच्यातल्या एका उंच माणसानं विचारलं, की सगळीकडे गरीब भागात साथीचे रोग जास्त असतात, तुमच्याकडे श्रीमंत भागात जास्त, हे कसं? बुरुल असानोव्नांनी सांगितलं, यावर आम्ही टिपण तयार करत आहोत. ते टिपण तिलेकनं तयार केलं. चार पानांचं. त्यात शुद्ध हवा होती, कष्टाचं जीवन होतं, झऱ्याचं पाणी होतं, आणि तिसऱ्या पानावर असं वाक्य होतं, की 'उंचावरच्या थंडीत जंतू तग धरत नसावेत.' त्यातलं 'नसावेत' त्याचं स्वतःचं होतं. आधी त्यानं 'नाहीत' लिहिलं होतं, मग रात्रभर बरं वाटलं नाही म्हणून सकाळी बदललं. आपण प्रामाणिक आहोत याचा पुरावा म्हणून तो शब्द त्याला नंतर अनेकदा आठवला होता.

आणि त्याच उंचावर, त्याच थंडीत तो जन्मला होता. हे टिपण लिहिताना त्याला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं, पण ते आठवणं वेगळ्या खोलीत होतं आणि टिपण वेगळ्या. मार्चमध्ये मेंढ्या व्यायला लागल्या की घरात माणसांना जागा उरत नसे. चुलीपाशी कोकरं, अंथरुणात कोकरं, तिलेकच्या दप्तरात एकदा कोकरू. अडलेल्या मेंढीच्या पोटात एजे कोपरापर्यंत हात घालायची, डोळे मिटून, पिशवीत हरवलेली किल्ली शोधावी तशी. बाहेर आलेलं पिल्लू हललं नाही, तर त्याच्या नाकाला तोंड लावून फुंकर घालायची. तिच्या हनुवटीवर चिकट पाणी चमकायचं. पिल्लू शिंकलं की ती ओठ पुसून तिलेककडे बघायची, आणि त्याला वाटायचं की जगात कुणाला मरू द्यायचं, कुणाला नाही, हे हीच ठरवते. तो नऊ वर्षांचा असताना एका वसंतात निम्म्या मेंढ्या गाभडल्या. मेलेली पिल्लं कुत्र्यांपुढे टाकली, कुत्री गल्लोगल्ली ओढत फिरली, आणि त्या वर्षी गावातल्या दोन सुनांचेही गर्भ पडले. कुणी दोन्हींचा संबंध लावला नाही. लावायला वेळ नव्हता. चाळिशीनंतर गावातली माणसं कमरेत वाकायची. काहीतरी खाली पडलंय आणि ते शोधत चालली आहेत, अशी दिसायची. तिलेकला वाटायचं, डोंगराळ वाऱ्यात माणूस असाच होतो, झुडपं नाही का होत. सतराव्या वर्षी तो शिकायला बिश्केकला आला, तेव्हा पहिल्या दिवशी बसथांब्यावर त्याला साठीच्या बाया ताठ उभ्या दिसल्या, उंच टाचांवर, आणि त्याच्या मनात आलं, केवढा हा गर्व. शहरातले म्हातारे त्याला कित्येक महिने उद्धटच वाटत होते.

दुपारी तो खाली तळमजल्यावर प्रयोगशाळेत गेला. तिथल्या वेनेरा एजे आकड्यांच्या लोकांना माणसांत धरत नसत, पण तिलेक त्यांच्यासाठी गावाकडची साय आणायचा, म्हणून त्याला स्टूल मिळे. सोनुन एजे दर पंधरवड्याला भाड्याच्या गाडीबरोबर एक बरणी पाठवायची. त्यानं बहिणीचं सांगितलं. वेनेरा एजे म्हणाल्या, रक्त आण, चार मिनिटांत सांगते. मग म्हणाल्या, पण जिल्ह्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. जिल्ह्याचे डॉक्टर चिठ्ठी देत नाहीत, कारण जिल्ह्यात हा आजार नाही. मग बहिणीला इथे आण. इथे आणली तर पत्ता विचारतील, आणि पत्ता तुयुक-तोरचा. मग तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. असं दोनदा फिरून झाल्यावर दोघांनाही थोडी गरगर वाटली. वेनेरा एजेंनी बिस्किटं पुढे केली. ही साय ती न तापवता करते का, त्यांनी सहज विचारलं. तिलेक म्हणाला, साय कुणी तापवतं का. त्यांचा हात बिस्किटावर थांबला. "मी घरी नेऊन उकळते," त्या म्हणाल्या. "पहिल्या बरणीपासून. तू?"

तो बरणीतच बोट घालून खायचा. सबंध हिवाळा. भाकरीवर, भाकरीशिवाय, उभ्यानं, खिडकीपाशी. आणि गेले तीन आठवडे त्याची कंबर दुखत होती, ती खुर्चीमुळे असं तो समजून चालला होता. आता ती एकदम निराळी दुखायला लागली. त्याला घाम आला. हा घाम आजाराचा की भीतीचा, असा प्रश्न त्याला पडला आणि पाठोपाठ एक तिसरी गोष्ट मनात उगवली, जिचं नाव त्याला लवकर सापडेना. ती आशा होती. कारण त्याचा स्वतःचा पत्ता अजून तुयुक-तोरचाच होता. घरमालकिणीनं सहा वर्षांत त्याची नोंद करून दिली नव्हती. कागदोपत्री तो अजून एजेच्याच घरात राहत होता, चुलीपाशी, कोकरांबरोबर. त्याच्या रक्ताला कुणाची चिठ्ठी लागणार नव्हती, दर वर्षी कर्मचाऱ्यांचं रक्त इथेच तपासतात. त्यानं बाही वर केली. वेनेरा एजे म्हणाल्या, तुला काही होत असेल तर आधी नीट सांग. तो म्हणाला, होत असावं. पुन्हा तेच. नसावेत, असावं.

पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर त्याच्या रक्ताचं पिवळसर पाणी, त्यात गुलाबी थेंब. वेनेरा एजे तो तुकडा हातात घेऊन हलवू लागल्या, बाळाला झुलवावं तसा. आजार असेल तर गुलाबी रंग फाटतो, दही फाटावं तसा कण कण होतो. तिलेक वाकून बघत होता. पहिलं मिनिट काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो मनापासून काहीतरी मागत होता, आणि ते म्हणजे आपलं रक्त नासावं. त्याला आई आठवली, तिनं आपल्यासाठी काय काय मागितलं असेल. दुसरं मिनिट. एक कण दिसला का? तो फरशीतला खळगा होता. आजारी असलो तर मी जिल्ह्यातला रुग्ण, म्हणजे जिल्ह्यात आजार, म्हणजे जिल्ह्यात औषध. निरोगी असलो तर एजे निरोगी. एवढं सरळ होतं सगळं, मग डोक्यात इतका गुंता का, त्याला कळेना. जूनमध्ये मेंढरं वरच्या कुरणात जातात. एजे गावातल्या चौदा घरांची मेंढरं घेऊन जाते, उन्हाळाभर राखते, त्यावर तिचा हिवाळा निघतो. नवरा मॉस्कोत बर्फ काढायला गेला तो तिकडचाच झाला. घोड्यावर बसता आलं नाही तर मेंढरं दुसऱ्याकडे जातील आणि एजे त्या घरात भिंतीला धरून फिरत राहील. तिसरं मिनिट, चौथं. वेनेरा एजेंनी तुकडा खिडकीकडे धरला, मग दिव्याकडे, मग पुन्हा खिडकीकडे.

"संशयित," त्या म्हणाल्या.

त्यानं विचारलं, म्हणजे हो का नाही. त्या म्हणाल्या, म्हणजे संशयित. तुम्ही वरच्या मजल्यावरचे लोक दोनच रकाने आखता, रक्ताला ते माहीत नसतं. जिना चढताना तिलेकला आपण कुणाच्या तरी लग्नाला जाऊन लग्न मोडलं का लागलं हे न कळताच परत आलो, असं वाटत होतं. संशयितांचं काय करायचं तो नियम मात्र त्याला ठाऊक होता, कारण तोही त्यानंच लिहिला होता. राजधानीतला संशयित हा रुग्ण धरावा, कारण तिथे पुन्हा तपासून खात्री करता येते. जिल्ह्यातला संशयित रुग्ण धरू नये, कारण तिथे खात्री करता येत नाही, आणि खात्रीशिवाय आकडा वाढवणं बेजबाबदारपणाचं. या नियमाबद्दल त्याचं कौतुक झालं होतं. आता त्याचं रक्त राजधानीत निघालं होतं आणि तो स्वतः कागदोपत्री जिल्ह्यात होता. नियमाप्रमाणे तो आजारी होता आणि नव्हता, आणि ही अडचण सोडवायला ज्या टेबलाकडे जायचं त्या टेबलाशी तोच बसायचा.

तो बुरुल असानोव्नांकडे गेला. त्यांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला. त्या वाईट नव्हत्या. त्याला ताप आला की सूप पाठवायच्या, फक्त त्यांना करडा रंग सोसत नसे. त्यांनी सांगितलं, की तुयुक-तोर यंदा स्वच्छ जिल्हा म्हणून जाहीर व्हायचंय, तिथल्या प्रमुखांनी फलकसुद्धा रंगवून ठेवलाय. पुन्हा तपासून घेऊ, बहुतेक काही निघणार नाही, निघालंच तर इथल्या पत्त्यावर नोंद करू, इथे आधीच एवढं लाल आहे, एकानं काय होतं. तिलेक म्हणाला, माझी नोंद तिथली आहे, तिथेच करा. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर आणला.

"तुला नक्की काय व्हायला हवंय?"

"आजारी," तिलेक म्हणाला. "तुयुक-तोरमध्ये."

"लग्न नाही, घर नाही, आणि ही एक हौस." त्यांनी पेन उचललं, ठेवलं. "का?"

त्याला सांगायचं होतं, की बहीण मला विचारते, कारण तिला वाटतं मी मोजलंय, आणि मी मोजलेलं नाही. आम्ही ज्यांच्याकडे दिवा आहे त्यांच्याच घरात डाग शोधला, आणि ज्यांच्याकडे दिवाच नाही त्यांना स्वच्छ म्हटलं. पण हे मनात जितकं स्पष्ट होतं तितकं तोंडात राहिना, तो म्हणाला, "साय." मग म्हणाला, "एजेची साय. तिनं खाल्ली, मी खाल्ली. मला चार मिनिटांत कळलं. तिला तीन महिने झाले." बुरुल असानोव्नांनाही सायीची एक बरणी नूरूझला मिळाली होती. आपण ती तापवली होती का, हे त्या आठवत असाव्यात. त्यांचा हात नकळत कमरेकडे गेला. मग त्यांनी शिक्का मारला. रक्त इथलं, म्हणून रुग्ण. पत्ता तिथला, म्हणून उपचार तिथे. आपल्या जिल्ह्याच्या दवाखान्यात हजर व्हावं. दुसऱ्या दिवशी तिलेक सहा आठवड्यांच्या आजारपणाच्या रजेवर, एका संशयित दुखण्यासह, भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसून घाट चढत होता. कंबर दुखत नव्हती. यानं त्याला फार बेचैन केलं. वळणावळणाला तो ती चाचपून पाहत होता.

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टर तोकोय यांनी कागद वाचला, शिक्का दिव्याखाली धरला, मग तिलेककडे पाहिलं आणि मग त्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे. तिलेक नकाशाखालीच बसला होता. "हा तू केलास ना?" त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाले, "मग तुला कसा झाला?" हे ते चेष्टेनं म्हणत नव्हते. टोचून बोलावं इतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. बत्तीस वर्षं ते या एका खोलीत होते. खुर्चीतून उठताना त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकले आणि तिलेकला दिसलं, की तेही खाली पडलेलं काहीतरी शोधत चालतात. त्यानं विचारलं, मग तुम्ही इतकी वर्षं एकही नोंद का केली नाही.

"नोंदीला तपासणी लागते. तपासणीला तो गुलाबी थेंब लागतो. थेंब मिळतो ज्या जिल्ह्यात रुग्ण आहेत त्याला." ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. "मी चार वेळा लिहिलं. पाचव्या वेळी उत्तर म्हणून तुझा नकाशा आला. चौकट मी इथे करून घेतली. आलेली वस्तू होती, टाकवेना."

चौकट चांगली होती, अक्रोडाची. तिलेकनं तसं म्हटलं. डॉक्टर म्हणाले, हो, इकडचा सुतार चांगला आहे, तोही वाकला आता. एजेबद्दल विचारल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, की ताप तोच आहे, ओळखायला मला थेंब लागत नाही, पण मी ओळखून भागत नाही. तिचं रक्त पाठवतो. रक्त पाठवलं. शीतपेटी नव्हती, घाटात गाडी दीड दिवस अडकली, आणि राजधानीतून उत्तर आलं, की नमुना खराब, तपासणी नाही. खराब नमुने कुठल्या रकान्यात जातात हे तिलेकला डोळे मिटून सांगता आलं असतं. औषध मात्र आलं. एका रुग्णाचं, सहा आठवड्यांचं, दोन प्रकारच्या गोळ्या, खोक्यावर तिलेकचं नाव. त्याच दिवशी बुरुल असानोव्नांचा फोन आला, की शून्यावरून एकावर गेल्यानं वाढ किती टक्के हे यंत्राला काढता येत नाही आणि सगळा तक्ता अडकून पडलाय, तिकडे आराम कर, पण हे कसं सुरू करायचं ते सांग.

खोकं घेऊन तो घरी आला आणि एजेपुढे ठेवलं. तिनं नाव वाचलं. म्हणाली, हे तुझं आहे, तू आजारी आहेस. तो म्हणाला, मी संशयित आहे. ती म्हणाली, मग निम्म्या निम्म्या घेऊ. यावर त्यांचं भांडण झालं, लहानपणानंतरचं पहिलं. त्यानं सांगितलं, निम्म्यानं कुणीच बरं होत नाही, जंतूच शहाणे होतात. ती म्हणाली, वा, आता ते तुला माहीत, आणि मी आजारी आहे का नाही ते माहीत नव्हतं. शेवटी तिनं दुधाशिवाय चहा ओतला, कारण या गोळ्या दुधाबरोबर चालत नाहीत, आणि तोंड वाकडं करत, कुणाला तरी शब्द दिल्यासारखी, पहिल्या दोन गिळल्या. असा तो कारभार सुरू झाला. कागदावर तिलेक आजारी आणि एजे ठणठणीत. घरात एजे पडून आणि तिलेक हातमोजे घालून गाईशी झटापट करतोय. गाईला त्याच्याबद्दल शंका होती. दूध तो उकळायचा, उतू घालवायचा, सगळ्या घराला जळका वास. त्या गोळ्यांनी लघवी लालभडक होते, आणि रुग्ण गोळ्या घेतो का हे बघायला दर सोमवारी नर्स बाटली मागायला यायची. एजे आत जाऊन बाटली भरून आणायची आणि तिलेक ती आपली म्हणून गंभीरपणे पुढे करायचा. नर्स उजेडात धरून म्हणायची, छान. आजवरच्या नोकरीत आपल्या कुठल्याच कामाला इतक्या मनापासून कुणी छान म्हटलेलं त्याला आठवेना.

गावात मात्र बातमी निराळी पसरली. जिल्ह्यात आजार नव्हता हे सरकारनं छापून दिलेलं होतं. तिलेक शहरातून आला आणि पहिला रुग्ण झाला. म्हणजे आजार शहरातून आला. यात चूक कुठे आहे ते तिलेकला सापडेना. जिल्ह्याच्या प्रमुखांनी रंगवलेला फलक उलटा करून ठेवला आणि रस्त्यात तिलेक दिसला की ते घोडा वळवायचे. शेजारची काल्बू जेने, म्हणजे काल्बू वहिनी, तेवढी रोज सूप घेऊन यायची, दारातच ठेवायची आणि लांबून विचारायची, शहरात फार दुखतं का रे. तिचा नवरा एसेन गेल्या हिवाळ्यापासून अंथरुणात होता. त्याला काय झालंय, तर वय. वय त्याचं त्रेचाळीस. संध्याकाळी तिलेक अंगणात बसून समोरून जाणारी माणसं बघायचा, एकेक वाकलेली, आणि आपोआप मोजायला लागायचा. एकवीसपर्यंत गेला की थांबायचा. ही मोजणी खरी का, विचारायला थेंब नव्हता. न विचारताच दिसत होतं ते मानायचं का, हे त्याला कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं. कधी वाटायचं आपण खरंच आजारी आहोत आणि हे सगळं तापात दिसतंय. कपाळाला हात लावून पाहायचा, तर हात आणि कपाळ दोन्ही सारखीच गार.

चौथ्या आठवड्यात ताप आला नाही. पाचव्यातही नाही. एका सकाळी एजे चुलीपुढे उकिडवी बसली होती, आणि दूध वर आलंसं पाहून उठली. कशालाही न धरता. उठून तिनं भांडं उतरवलं, तिलेकवर ओरडली की लक्ष कुठे असतं, आणि मग ती जागच्या जागी थांबली. भांडं हातात तसंच. तिनं खाली जमिनीकडे पाहिलं, जिथून ती उठली होती तिकडे, जणू तिथे अजून कुणीतरी बसलेलं आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर तोकोय यांनी तिलेकला तपासलं, जीभ बघितली, आणि कागदावर लिहिलं, रुग्ण बरा झाला. खाली तिलेकनं सही केली. डॉक्टरांनी एजेकडे बघून मान हलवली, तेवढंच. तुयुक-तोरमध्ये आता शंभरातले शंभर रुग्ण बरे झाले होते. हा आकडा राजधानीलाही कधी जमला नव्हता, आणि तो परत जाऊन तिलेक स्वतःच भरणार होता. डॉक्टर म्हणाले, एक रुग्ण झाला, आता थेंब पाठवतील. पुढच्या वर्षीच्या वाटपात, म्हणजे मार्चनंतर.

मेंढरं हलायच्या दिवशी एजे घोड्यावर बसली. पहिल्या खेपेला नाही, दुसऱ्या खेपेला; पण कुणी धरलं नाही. चौदा घरांची मेंढरं धूळ उडवत वर निघाली, आणि ती ओरडत, शिव्या देत, पाठ अजून पुरती सरळ नाही तरी सरळ धरून, त्यांच्या मागोमाग गेली. तिलेकची गाडी दुपारी होती. तो पिशवी भरत होता, तेव्हा काल्बू जेने आली. आज ती दारात थांबली नाही. आत आली, बसली, डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. मागोमाग अंगणात आणखी दोघी-तिघी येऊन उभ्या राहिल्या, सुताराची बायको, पलीकडच्या गल्लीतली एक म्हातारी, आणि कुठेच बघत नसल्यासारख्या आकाशाकडे बघू लागल्या. काल्बू जेने सांगू लागली, की सोनुननं तिला सगळं सांगितलंय, बाटलीचंसुद्धा, आणि ती कुणाला बोलणार नाही. एसेनच्या रक्ताची बाटली दोनदा पाठवली, दोनदा खराब झाली. मार्च फार लांब आहे, तो मार्चपर्यंत उठून बसेल असं वाटत नाही. तिनं शालीखालून एक बरणी काढून त्याच्यासमोर ठेवली. ताज्या सायीची, न तापवलेली, वरपर्यंत भरलेली.

"तू काही म्हणू नकोस, राजा, तुझं चांगलं चाललंय तिकडे," ती म्हणाली. "पण जमलं तर आमच्यासाठी परत एकदा आजारी पडशील का?"

तिलेकनं बरणीकडे पाहिलं, अंगणातल्या बायकांकडे पाहिलं, पुन्हा बरणीकडे. मग त्यानं पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, आधी कोणासाठी. बाहेर, आकाशाकडे बघणाऱ्या बायका हळूहळू एकीमागे एक उभ्या राहू लागल्या.